पेव तुझं, लेक माझी

पद्मे, आधी भांडून घेते, मग रडायचं बघू. तू गेलीस त्याला अजून महिना झाला नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाकडं बोलू नये असं घरात सगळे मला बजावतायत. बजावू देत. हॉस्टेलच्या खोलीत पहिल्याच दिवशी खिडकीजवळच्या कॉटवरून आपण दोघी भांडलो, तेव्हापासून आपलं बोलणं म्हणजे निम्मं भांडणच. आता एकदम गोड बोलायला लागले तर तूच म्हणशील, रेखाला बरं नाहीये वाटतं.

तर ऐक. तुला न्यायच्या आधी अंगणात बायका बसल्या होत्या. माझी लेक अनू तुझ्या पायाशी बसली होती, डोळ्यांत टिपूस नाही, नुसती तुझ्या पांघरुणाचं टोक धरून. मी तिच्या शेजारी उभी. तुमच्या गल्लीतली एक म्हातारी काठी टेकत आली. मी तिला कधी पाहिली नव्हती, तिनं मला पाहिलं नव्हतं. अनूच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "रडून घे गं पोरी. आई हुती तुजी." अनूनं वर बघितलं आणि मान हलवली. हो म्हणून हलवली. मी हातभर अंतरावर जिवंत, धडधाकट उभी होते.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. तुझं दुःख करायला म्हणून बसते आणि ती हललेली मान डोळ्यांपुढं येते. जळतेय मी, पद्मे. साधंसुधं नाही, लय जळतेय. मेलेल्या माणसावर जळणारी बाई तू पाहिली नसशील, आता बघ.

आणि गंमत म्हणजे हे सगळं माझ्याच हातानं झालं. ती कंप्युटरवरची दुनिया आधी आपल्या दोघींची होती. डिप्लोमा झाला, मी लग्न होऊन साताऱ्याला आले, सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून लागले. तू सांगलीतच राहिलीस, कुपवाडच्या तुमच्या पॅटर्नच्या कारखान्यात. फाउंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो तू करायचीस. वडिलांच्या मागं भाऊ नुसता बिलं बघायचा, रंधा तुझ्या हातात. लग्नाचं विचारलं की म्हणायचीस, सागवान काय कमी त्रास देतंय व्हय, आणि विषय तिथंच संपायचा.

मग एक दिवस तू फोन करून सांगितलंस की कंप्युटरवर एक दुनिया सापडली आहे, तिथं आपली एक बाहुली घेऊन हिंडायचं आणि पाहिजे ते बांधायचं. मला आधी वाटलं, पोरांचा खेळ. पण तू सांगत गेलीस आणि मला राहवेना. तिथं वीट नाही, वाळू नाही, ठेकेदार नाही. एक ठोकळा मिळतो. तो ताणून लांब करायचा, चेपून पातळ करायचा, पोखरायचा, वाकवायचा. फळी होते, खांब होतो, हंडा होतो. असे दहावीस ठोकळे जवळ आणायचे, एकेकावर बोट ठेवून निवडायचे आणि गाठ मारायची. गाठ मारली की त्या सगळ्यांची मिळून एकच वस्तू. ज्याच्यावर शेवटी बोट ठेवलं तो मुख्य ठोकळा. बाकीचे त्याच्या मागं. तो हलला की सगळे हलतात, तो फिरला की सगळे फिरतात.

तू त्याला कारभारी म्हणायचीस. "कारभारी नीट निवड रेखा, नायतर आख्खं घर गरगरतंय. तुज्या सासरी बघितलंय न्हवं?" हे मी आमच्या यांना सांगितलं, तर त्यांनी पुढच्या खेपेला तू साताऱ्याला आलीस तेव्हा तुला दारातच विचारलं, या घरात कारभारी कोण ते आधी सांगा, मग चहा मिळेल. तू माझ्याकडं बोट दाखवलंस. मला त्या दिवशी किती बरं वाटलं होतं.

माझा पहिला दरवाजा आठवतो तुला? मी सरकारी माणूस, कामाच्या क्रमानं चालणार. आधी चौकट, मग फळ्या, मग बिजागरी, सगळ्यात शेवटी कडी. खऱ्या दरवाज्याला कडी शेवटीच बसवतात, म्हणून मी निवडतानाही कडी शेवटी निवडली. गाठ मारली आणि मोठ्या तोऱ्यात तुला म्हटलं, ये आत. दरवाजा कडीभोवती फिरला. कडी जागच्या जागी, आणि दरवाजा, बिजागऱ्या सगळं तिच्याभोवती घिरट्या घालतंय. तू तिकडं हेडफोनमध्ये हसून हसून खोकायला लागलीस. पुढं कित्येक वर्षं माझं काही चुकलं की तू नुसतं "कडी" म्हणायचीस. यांच्यासमोर, अनूसमोर, माझ्या साहेबांसमोरसुद्धा एकदा.

पण बाईसाहेब, तुझीही एक खोड होती आणि ती तू कधी कबूल केली नाहीस. तुझे ठोकळे नेहमी मापापेक्षा जरासे मोठे. मी भिंत दहाची म्हटली तर तुझी दहाला केसभर जास्त. लोखंड गार होताना आकसतं, म्हणून लाकडी नमुना जरा मोठा ठेवायचा, एवढं मलाही ठाऊक आहे. पण त्या दुनियेत काय ओतायचं होतं आणि काय गार व्हायचं होतं? दोन ठोकळे एकमेकांत घुसले की त्या जागची कड लुकलुकते, तिथं पापणी फडफडावी तसं दिसतं. तुझ्या प्रत्येक घराचे कोपरे लुकलुकायचे. मी म्हणायची, माप घे, आकडा लिही, तिथं आकडा लिहायची सोय आहे. तू म्हणायचीस, "हात तसाच जातोय गं." मी ड्राफ्ट्समन, मला हे ऐकवायचं नाही. यावरून आपण किती भांडलोय. एकदा तर तुझा फोन मी ठेवून दिला आणि तूही चार दिवस केला नाहीस.

ते भांडण तसंच राहिलं. तुझं बरोबर की माझं, हे ठरलंच नाही.

अनू तेव्हा शाळेत. मी कंप्युटरवर बसले की मागून येऊन खुर्चीच्या पाठीवर हनुवटी ठेवायची. तू तिला पहिला ठोकळा दिलास, ती तुझ्याकडं शिकली, तोवर मला काही वाटलं नाही, उलट आनंद वाटला. पुढं तिला सांगलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. हॉस्टेलला टाकायची म्हटल्यावर मीच म्हणाले, हॉस्टेल कशाला, पद्मा आहे की. मीच तिची बॅग भरली. मीच एसटीत बसवली. तू स्टँडवर न्यायला आलीस आणि तिथून मला फोन केलास, पोचली गं तुझी लेक. तुझी लेक म्हणालीस तेव्हा. ते मी नीट लक्षात ठेवलंय.

पहिल्या दिवाळीला घरी आली ती अंधार पडायच्या आत जेवायला बसली. मी म्हटलं, भूक लागली का एवढी? तर म्हणाली, अक्कांकडं अशीच सवय झालीय, रात्री आता जातच नाही. अक्का! तुमच्या घरात सगळे तुला अक्का म्हणतात, भाऊ, भावजय, कारखान्यातली माणसं. माझ्या पोरीसाठी तू मावशी होतीस. मावशी म्हणजे माझ्याकडून लागलेलं नातं. अक्का म्हटल्यावर त्यात मी कुठं राहिले? आणि आमचं घर तुला ठाऊक आहे, रविवारी मटणाचा वास गल्लीभर. त्या रविवारी पोरीनं ताटातला रस्सा बाजूला सारला आणि भाकरी दह्याबरोबर खाल्ली. यांनी चेष्टेवर नेलं, म्हणाले, सांगलीला पाठवली होती का जैनांच्या बस्तीत? मी हसले नाही. कांदा चिरायच्या निमित्तानं आत गेले.

तू तिला काही शिकवायला बसली नव्हतीस, मला माहीत आहे. तू कधी कुणाला शिकवायला बसली नाहीस. तुझ्याबरोबर राहिलं की माणूस तसं व्हायचंच. मीच तीन वर्षं तुझ्या शेजारच्या कॉटवर झोपून लय ऐवजी लई म्हणायला लागले होते आणि माझ्या आईनं मला सुट्टीत झापलं होतं. म्हणजे आईलाही तेव्हा असंच झालं असेल. हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

मग ते पेव. तुझ्या आजोबांची हळद नदीकाठच्या पेवांत साठवलेली असायची, हे तू मला हॉस्टेलात सांगितलं होतंस. जमिनीत खोल खणलेलं, तोंड एवढंसं आणि आत पोट हे मोठं. वर्षानुवर्षं हळद ठेवली तरी कीड नाही. उघडल्यावर माणूस आत सोडायच्या आधी आजोबा दोरीनं कंदील खाली सोडून बघायचे, विझला तर थांबायचं. पुराच्या पाण्यात ती पेवं गेली. ही गोष्ट मी ऐकली, वा म्हटलं, आणि विसरले. अनूनं ऐकली आणि म्हणाली, आपण बांधू या.

त्या दुनियेत काय वाटेल ते बांधता येतं, पण जमिनीला भोक पाडता येत नाही. मग तुम्ही दोघींनी काय करावं? खड्डा वरच उभा केलात. फळ्याफळ्यांनी गोल पोट बांधलं, वर निमुळतं तोंड आणलं, आणि मग सभोवतालची जमीन उचलत उचलत तोंडापर्यंत आणली. अनूनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून खरंच शाबास निघालं. फोन ठेवल्यावर वाटलं, आमच्या माहेरच्या मळ्यात माझ्या वडिलांची पायऱ्यांची विहीर आहे, तिच्यात ही पोरगी पोहायला शिकली. ती बांधावी असं कुणाला सुचलं नाही.

मी ते पेव बघायला गेले. माझी बाहुली तोंडापर्यंत पोचली, एक फळी किंचित कलली होती म्हणून मी सरळ करायला गेले, तर समोर पाटी आली, तुम्हाला परवानगी नाही. तुम्ही दोघींनी गट केला होता. गटातल्यांनाच हात लावता येत होता, आणि गटात तुम्ही दोघीच. त्या दुनियेत मी तुझ्यामागोमाग पहिल्या महिन्यात आलेली बाई, आणि मला परवानगी नाही! मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "आगं राहून गेलं, घालते की तुला गटात." मी म्हटलं, घाई नाही. तू म्हणालीस, बरं. आणि मग तुझी तपासणी निघाली, मिरजेच्या दवाखान्यात खेपा सुरू झाल्या, कोण कशाला गट बघतंय. मी पण पुन्हा काढलं नाही. तू विसरलीस, की तुला ते तुमच्या दोघींचंच राहावं असं वाटत होतं? भेटायला आले तेव्हा हे ओठावर आलं होतं. तू पेज पीत होतीस, चमचा धरताना तुझा हात थरथरत होता, तो हात, ज्यानं सागवानात केसभर चूक केली नाही. मी चमचा घेतला आणि तुला भरवलं. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

तू गेल्यावर आठवड्यानं नोकरीच्या गावाहून, पुण्याहून, अनूचा फोन आला. आवाज कोरडा, कचेरीतल्यासारखा. त्या दुनियेतल्या तुझ्या जागेची मुदत आता संपेल आणि कुणी नूतनीकरण करू शकणार नाही. मुदत संपली की तिथलं सगळं मालकाकडं परत जातं, असा तिथला नियम. मालक तू. म्हणजे पेव तुझ्याकडं येईल, पद्मे, कुठं येईल ते त्यांनाच माहीत. आणि दोन धन्यांचे ठोकळे तिथं एका गाठीत येत नाहीत, म्हणून तुझे ठोकळे घेऊन त्यांना आपले जोडावे तर तेही होत नाही. एकच उपाय, मापं घेऊन सगळं नव्यानं करायचं. "आई, तू मापं घेशील? तुझ्यासारखी मापं कुणाला येत नाहीत," ती म्हणाली. तिनं मला गटात घेतलं. तुझ्या जागी, म्हणायचं नाही, पण तू गेल्यावर.

मला आनंद झाला. लाज सोडून सांगते, झाला. दर रविवारी सकाळी मी साताऱ्यात आणि ती पुण्यात, कानाला हेडफोन लावून बसायचो. मी तुझी फळी न् फळी मोजली. प्रत्येक ठिकाणी तुझं ते केसभर जास्त. मोजता मोजता मी एकदा मोठ्यानं हसले आणि आमचे हे आतून काय झालं म्हणून बघायला आले. मी तुझी सूट वजा करून बरोबर आकडे अनूला देत गेले. तिनं पोट करायचं, मी तोंडाचं कडं आणि वरचा ओटा करायचा, असं वाटून घेतलं. पोरगी माझ्याशी आठवडाभरात जेवढं बोलायची नाही तेवढं त्या दोन तासांत बोलायची. ऑफिसचं, खोलीवरच्या मैत्रिणीचं, एका मुलाचंही, जो तुला वर्षभर आधीपासून माहीत होता. तेही मी गिळलं.

गेल्या रविवारी पोट पुरं झालं. मी माझं कडं आणून वर ठेवलं, ते बसेना. पोट मोठं. मी तिची एक फळी उघडून आकडा बघितला. केसभर जास्त. दुसरी बघितली, तीही जास्त. तिसरीही. मी तिला बरोबर आकडे दिले होते, पोरीनं ते लिहिले नव्हते, डोळ्यानंच फळ्या ओढल्या होत्या. मी म्हटलं, अगं हे काय, सगळं मोठं झालंय. तर ती म्हणाली, "काय माहीत आई, हात तसाच जातोय."

पद्मे, त्या क्षणी मला काय झालं ते तुलाच सांगते. ती कधी सागवानाला शिवली नाही. लोखंड ओतताना तिनं पाहिलं असेल तर लांबून. बँकेच्या संगणक विभागात नोकरी करते ती. पण तुझी चूक तिच्या हातात आली होती, जशीच्या तशी, तुझ्या शब्दांसकट. नाक माझं आहे तिचं, रंग यांचा, उंची माझ्या सासऱ्यांची. आणि हात तुझा. नऊ महिने मी वागवली, कावीळ झाली तेव्हा रात्री मी काढल्या, आणि हात तुझा कसा?

मग माझ्या तोंडून ते निघून गेलं. फळ्यांचं राहिलं बाजूला. म्हटलं, "त्या म्हातारीला तू सांगितलं का नाहीस? तुझी आई शेजारी उभी होती. मान कशाला हलवलीस?"

पडद्यावर तिची बाहुली पेवाच्या काठावर तशीच उभी. मला वाटलं, लाइन गेली. मग म्हणाली, "मी सांगणार होते. पण तू काहीच बोलली नाहीस, आई. तुझ्याकडं बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तू बोलली असतीस. मला वाटलं, आई अक्कांना एवढं देतेय. त्यांना कोण होतं दुसरं?"

खरं काय ते तुला सांगते, तिला सांगितलं नाही. मी काही दिलं नव्हतं. मला धक्काच एवढा बसला होता की तोंड उघडेना. मी काही मोठ्या मनाची बाई नाही, तुला माहीत आहे, खिडकीजवळची कॉट मी तीन वर्षांत एकदाही तुला दिली नाही. पण पोरीनं माझ्याबद्दल तसं धरून ठेवलं होतं इतके दिवस, आणि मी ते मोडावं? मी म्हणाले, हो. दिलं मी.

आणि मग ती रडली. तुझ्या पायाशी रडली नव्हती, गाडीत रडली नव्हती, पुण्याला जाऊन रडली नव्हती, ती आत्ता रडली, तोंडातून शब्द फुटेना अशी. मी साताऱ्यात खुर्चीवर बसून ऐकत राहिले. जवळ घेता येईना, पाठीवरून हात फिरवता येईना. मी नुसतं आहे गं, आहे गं म्हणत राहिले.

ती एक मान हलली ती तुझी, पद्मे. मी तिला दिलं म्हटलंय, आता परत मागत नाही. पण रडताना अनू आई, आई असं म्हणत होती, आणि तेव्हा फोनवर मी होते. ते मी माझं धरलंय. कुणाला म्हणतेस, असं मी तिला विचारलं नाही.